नवा पाणभुंगेरा सापडला असं वाटतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पहिला पाऊस पडला की माझ्या फोनवर किड्यांचे फोटो यायला लागतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून येतात. कुणी विद्यार्थी असतो, कुणी शेतकरी, कुणी नुसताच हौशी. खाली एकच ओळ असते: "सर, हाऊ किडा नवीन शे का?" एकेकाला तेच तेच सांगून झालं, म्हणून हे पान लिहायला घेतलं. मी तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवतो आणि पाण्यातले भुंगेरे हा माझा जुना नाद आहे. बाकी किड्यांबद्दल इथे काही मिळणार नाही.

पाणभुंगेरा म्हणजे नक्की कोणता किडा?

हायड्रोफिलिडी कुळातले भुंगेरे. जगात त्यांच्या तीन हजारांहून जास्त जाती माहीत आहेत. काही जेमतेम मिलिमीटरभर असतात, तर हायड्रोफिलस ऑलिव्हेशियससारखा आपल्याकडचा धिप्पाड गडी तीन सेंटिमीटरच्या वर जातो. पाठ घुमटासारखी फुगीर, गुळगुळीत, काळी नाहीतर तपकिरी. पोट सपाट, आणि पाण्यात बुडाला की त्यावर हवेचा चंदेरी थर चमकतो. हा थर म्हणजे त्याचा श्वासाचा साठा.

इंग्रजीत यांच्या नावातच सडकं-कुजकं वेचून खाण्याचा उल्लेख आहे, आणि तो प्रौढांपुरता खराही आहे. बहुतेक प्रौढ कुजलेला पाला आणि शेवाळ खाऊन जगतात. अळी मात्र पक्की शिकारी. डासांच्या अळ्या, गोगलगायी, जे सापडेल ते धरते. कित्येक अळ्या तर भक्ष्य पाण्याबाहेर उचलून धरून खातात, कारण त्या आपला पाचकरस भक्ष्यावर सोडतात आणि पाण्यात तो वाहून गेला असता.

अंड्यांच्या बाबतीत यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. हायड्रोफिलसची मादी रेशमाची तरंगती पिशवी विणते आणि वर होडीच्या डोलकाठीसारखा एक दांडा उभा करते. हेलोकॅरिसची मादी पिशवी पोटाखाली चिकटवूनच फिरते. आणि कुळातले सगळेच पाण्यात राहतात असंही नाही. ताज्या शेणाचा पो काडीने उलटवा, त्यातून पळणारे काही बारके भुंगेरे याच कुळातले निघतील.

पाण्यात भुंगेरे तर खूप दिसतात. हाच तो, हे कसं ओळखायचं?

पोहताना बघा. डायटिस्किडी कुळातले शिकारी भुंगेरे दोन्ही मागचे पाय एकदम मारतात, वल्ह्यांसारखे, आणि सपकन जातात. आपला पाणभुंगेरा पाय आळीपाळीने हलवतो, पाण्यात चालल्यासारखा. जरा गबाळाच दिसतो.

श्वास घ्यायला वर येतानाही फरक आहे. शिकारी भुंगेरा शेपटीकडून वर येतो, पाणभुंगेरा डोक्याकडून. डोकं किंचित तिरकं करून तो एका मिशीने पाण्याचा पडदा फोडतो आणि त्या केसाळ मिशीवाटे हवा आत ओढतो. मिशी या कामाला जुंपल्यामुळे चाचपण्याचं काम तोंडाजवळच्या स्पर्शकांकडे आलं आहे आणि ते लांब झाले आहेत. बघणाऱ्याला वाटतं त्याच मिशा. खऱ्या मिशा आखूड, टोकाला गदेसारख्या जाड आणि डोक्याखाली दुमडलेल्या असतात. फोटोत त्या दिसत नाहीत, आणि मग "सर, याला मिशाच नाहीत, नवीनच असणार" असा मेसेज येतो.

चपटा, पानासारखा, पाठीवर अंडी घेऊन फिरणारा असेल तर तो पाणढेकूण. भुंगेरा नव्हे.

हुमणीसाठी (पिकाची मुळं खाणाऱ्या अळीसाठी) लावलेल्या प्रकाश सापळ्यात हे कशाला पडतात? पिकाचं नुकसान करतात का?

नुकसान अजिबात नाही. उन्हाळ्यात डबकी आटली की हे रात्री उडून नवं पाणी शोधतात आणि वाटेत दिव्याला भुलतात. चकाकणाऱ्या काळ्या प्लास्टिकवर, गाडीच्या टपावरही आदळतात, कारण तिथून परावर्तित होणारा प्रकाश त्यांना पाण्यासारखा भासतो. केळीच्या बागेत मल्चिंग पेपरवर सकाळी मेलेले सापडतात ते याचमुळे. हुमणीचे भुंगेरे मारायचे ते मारा, पण सापळ्याच्या टबात हे दिसले तर निवडून शेततळ्यात सोडा. नाहीतर माझ्याकडे द्या.

चावतो का?

नाही. मोठ्या जातींच्या छातीखाली मागे वळलेला एक टोकदार काटा असतो, मुठीत घट्ट धरला तर तो टोचतो. याच कुळातला बेरोसस पकडला तर चिरचिर आवाज करतो, त्यालाही घाबरायचं कारण नाही.

खान्देशात कुठे शोधावेत?

लोक हतनूरच्या जलाशयावर जातात, कारण तिथे पक्षी बघायला जायची सवय असते. भुंगेऱ्यांना मोठं उघडं पाणी फारसं आवडत नाही. तिथे लाटा असतात आणि मासे असतात. त्यांना लागतो उथळ काठ, गवत, शेवाळ, कुजलेला पाला. तापीच्या पात्रात पूर ओसरल्यावर राहिलेली डबकी बघा. गिरणा, वाघूर, बोरी, बुराई यांच्या काठाने फिरा. पांझरेवरच्या फड पद्धतीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक सिंचनाच्या, बंधाऱ्यांमधून निघालेले जुने पाट तर फारच चांगले, संथ पाणी आणि कडेला गवत.

पण वेगळं काही हवं असेल तर सातपुड्याकडे तोंड करा. पावसाळ्यात कातळावरून पाण्याचा पातळ पदर झिरपत असतो, तळहातही बुडणार नाही इतका. त्या ओल्या दगडावर राहणारे बारके पाणभुंगेरे आहेत आणि त्यांच्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिलं आहे. तोरणमाळच्या वाटेवर असे कातळ जागोजाग आहेत. तिथे जाळं काही कामाचं नाही. दगडावर पाणी शिंपडायचं, भुंगेरा सुटून खाली वाहत येतो, तिथे चहाची गाळणी धरायची.

एकूणच अवजारांचं फार मनावर घेऊ नका. पिठाची चाळणी, चहाची गाळणी, पांढरी परात आणि बसायला पोत्याचा तुकडा, एवढ्यावर माझी वीस वर्षं गेली. परातीत गाळ ओतला की पाच मिनिटं काही हलत नाही. तिथेच बहुतेकजण कंटाळून ती उपडी करतात. सहाव्या मिनिटाला गाळ चालायला लागतो.

परवानगी लागते का?

यावल, अनेर धरण, गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत. तिथून वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय किडासुद्धा उचलायचा नाही. पाटणादेवी गौताळ्यातच येतं, हे चाळीसगावच्या मुलांना दरवेळी सांगावं लागतं. शेतातल्या डबक्यासाठी मालकाला विचारा. तो विचारतोच, "यातून काय मिळतं तुम्हाला?" त्याला खरं ते सांगा, काही मिळत नाही.

सापडला. आता पुढे काय?

आधी चिठ्ठी लिहा, मग बाकीचं. गाव, तालुका, जिल्हा, फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश, तारीख, कशात सापडला, कुणी पकडला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची आणि बाटलीच्या आत टाकायची. चिठ्ठी नसलेला भुंगेरा शास्त्राच्या दृष्टीने मेलेला किडा, बाकी काही नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. सुरुवातीच्या काळात एका अख्ख्या पावसाळ्याचं संकलन मी बॉलपेनने लिहून अल्कोहोलमध्ये ठेवलं होतं. दिवाळीनंतर बाटल्या उघडल्या तर पाणी निळसर आणि कागद कोरे. चाळीसेक बाटल्या होत्या. कुठली पांझरेची, कुठली अनेरची, काही कळेना. त्या अजून कपाटात आहेत. फेकवत नाहीत आणि उपयोगही नाही.

पुढे डीएनए तपासायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल आणि थंड जागा. नुसतं शरीर टिकवायचं तर ७० टक्के पुरतं.

मारायलाच हवा का? फोटो चालणार नाही?

जात ओळखीची असेल तर फोटोवर भागतं, आणि तेव्हा मारूही नये. नवी जात म्हणून मांडायची असेल तर नमुना लागतो, कारण ज्यावरून ठरवायचं ती बहुतेक लक्षणं पोटाखाली, मांडीच्या केसांत आणि शरीराच्या आत असतात. नुसत्या फोटोवर भुंगेऱ्याची जात वर्णन करणं बहुतेक अभ्यासकांना मान्य नाही. एका डबक्यातून गरजेपुरते घ्या. डबकं खरवडून काढणाऱ्याला मी पुन्हा सोबत नेत नाही.

तो नवीन आहे हे ठरतं कसं?

सगळ्यांना हा प्रश्न सोपा वाटतो. पुस्तकात नाही म्हणजे नवीन, असं नसतं. आपल्या हातातलं पुस्तक बहुधा अपुरं असतं.

आधी कुळ, मग वंश ठरवायचा. त्या वंशातल्या जगभरच्या नाही तरी निदान भारत, श्रीलंका, म्यानमार, नेपाळ, पाकिस्तान या पट्ट्यातल्या सगळ्या जातींची यादी करायची. यासाठी डेन्मार्कच्या मायकेल हॅन्सन यांची १९९९ ची जागतिक सूची हाताशी लागतेच, आणि त्यानंतर प्रसिद्ध झालेलं सगळं आपल्याला गोळा करावं लागतं. मग यादीतल्या प्रत्येक जातीचं मूळ वर्णन शोधायचं. इथे खरी कसोटी लागते. स्टर्नोलोफस रुफिपेस हा आपल्या डबक्यात अगदी नेहमी दिसणारा भुंगेरा. त्याचं वर्णन डेन्मार्कचा कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १७९२ साली लॅटिनमध्ये केलं. हायड्रोफिलस ऑलिव्हेशियस त्याच्याही आधीचा, १७८१ चा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेल्जियमच्या आर्मां द'ऑर्शिमाँने भारतातल्या कितीतरी पाणभुंगेऱ्यांचं वर्णन केलं, ते फ्रेंचमध्ये. त्याचा संग्रह ब्रसेल्सला आहे.

जुनी वर्णनं दोन-चार ओळींची असायची. "काळा, गुळगुळीत, पाय तांबूस." या वर्णनात आपल्या तालुक्यातले दहा भुंगेरे बसतील. मग त्या जातीचा मूळ नमुना, ज्यावरून तिला नाव मिळालं तो, परदेशी संग्रहालयातून बघावा लागतो, निदान त्याचे फोटो मागवावे लागतात. आपला नमुना तिकडे पाठवायचा तर जैवविविधता कायद्याच्या अटी सांभाळाव्या लागतात. या पत्रव्यवहारात एखादं वर्ष सहज जातं.

एवढं करून, तुमचा भुंगेरा यादीतल्या कुणाशीच जुळत नसेल, आणि फरक एकाच नमुन्यात नसून सगळ्यांत सारखा दिसत असेल, तर मग तो नवीन. म्हणून मी मुलांना म्हणतो, डबक्यात किडा सापडतो, नवी जात सापडते ती कपाटात.

यात मीही तोंडघशी पडलोय. एकदा फिकट पिवळसर, मऊ पाठीचा भुंगेरा मिळाला. आकार स्टर्नोलोफसचा, रंग अजिबात नाही. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी परातीत जिवंत ठेवलेला त्याचा भाऊ हळूहळू काळा पडलेला दिसला. कोषातून नुकताच बाहेर आलेला भुंगेरा फिकटच असतो, अंग कडक व्हायला आणि रंग धरायला वेळ लागतो. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो.

नरच का लागतो म्हणतात?

बाहेरून डिट्टो सारख्या दिसणाऱ्या दोन जातींतही नराचं जननांग वेगळं असतं. पाणभुंगेऱ्यात ते तीन भागांचं असतं, मधला एक दांडा आणि दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या. टोकाचा बाक, पाकळ्यांची रुंदी, यावर जात ठरते. सुकलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, बारीक सुईने पोटाच्या टोकाकडून ते बाहेर काढायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणात साफ करायचं आणि ग्लिसरीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. तीन मिलिमीटरच्या भुंगेऱ्यावर हे करताना पंखा बंद ठेवायचा. जळगावच्या मे महिन्यात पंखा बंद ठेवून बसणं म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको.

डीएनए केला की झालं ना?

मदत होते. प्राण्यांसाठी सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात आणि इतरांशी ताडून बघतात. मादी आणि अळी कुठल्या जातीची, हे जुळवायला तर फारच उपयोगी. पण ताडायचं कशाशी? आपल्या भागातल्या बऱ्याच पाणभुंगेऱ्यांचा हा तुकडा अजून कुणी वाचलेला नाही. आणि १७९२ च्या नमुन्याला नाव मिळालं ते त्याच्या अंगावरून, डीएनएवरून नव्हे. दोन्ही हवं.

वर्णनात काय लिहितात?

वाचायला रुक्ष असतं, सांगून ठेवतो. लांबी-रुंदी, मिशीचे खंड किती, स्पर्शकांच्या खंडांचं एकमेकांशी प्रमाण, पाठीवरचे बारीक खळगे दाट की विरळ आणि ओळीत आहेत की विखुरलेले, छातीखालचा कणा कसा, मांडीवर केस कुठपर्यंत. त्याआधी थोडक्यात एक परिच्छेद असतो, ही जात तिच्या जवळच्या जातींपासून कशी वेगळी. माझ्या मते सगळ्या लेखात महत्त्वाचा तोच. तो धड जमत नसेल तर जात नवीन आहे का, याचाच पुन्हा विचार करावा. मग नमुन्यांची यादी, नावामागचं कारण, कुठे सापडतो, चित्रं.

गंमत म्हणजे वर्णन कुठल्या भाषेत असावं याची आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेत सक्ती नाही. जगात सर्रास वाचल्या जाणाऱ्या भाषेत सारांश द्या, एवढी शिफारस आहे. म्हणजे अहिराणीत लिहिलेलं वर्णनही नियमात बसेल. परीक्षक कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न.

नाव कोण ठेवतं? गावाचं किंवा आजोबांचं नाव देता येतं का?

वर्णन लिहिणारा ठेवतो. नाव दोन शब्दांचं, पहिला वंशाचा आणि दुसरा जातीचा. ते रोमन लिपीतच असावं लागतं. ठिकाणावरून ठेवायचं तर शेवटी एन्सिस जोडतात. उद्या कुणी खान्देशेन्सिस ठेवलं तर त्यात गैर काही नाही, फक्त त्या वंशात ते आधी कुणी वापरलेलं नसावं. पुरुषाच्या नावाला आय, बाईच्या नावाला ए ई ही अक्षरं लावतात. आजोबांचं देता येतं. स्वतःचं द्यायला नियमाची आडकाठी नाही, पण कुणी देत नाही. लोक हसतात.

पहिला आला त्याचं नाव टिकतं. प्राण्यांच्या नावांचा हा हिशोब दोन शब्दी नावांची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडनच्या लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. तुम्ही ठेवलेल्या नावाआधी त्याच जातीला कुणी नाव दिलेलं निघालं तर तुमचं बाद. लिनियसनेही युरोपातल्या मोठ्या पाणभुंगेऱ्याला शिकारी भुंगेऱ्यांच्या डायटिस्कस वंशात टाकलं होतं. त्याला नंतर तिथून हलवावं लागलं, पण जातीचं नाव, पिसियस, आजही तेच आहे.

होलोटाइप म्हणजे काय, आणि तो कुठे ठेवायचा?

ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचं बांधलं जातं तो होलोटाइप. त्याला लाल चिठ्ठी लावायची रीत आहे. सोबतच्या इतर नमुन्यांना पॅराटाइप म्हणतात. कोणता नमुना होलोटाइप आणि तो कोणत्या संग्रहात राहणार, हे १९९९ नंतरच्या वर्णनात सांगावंच लागतं. नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुने नेमून दिलेल्या संस्थेकडे द्यावे लागतात. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे. मुख्यालय कोलकात्याला, आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. आपल्या कॉलेजच्या कपाटात ठेवू, असा हट्ट कधीमधी होतो. आमच्या कपाटाला पावसाळ्यात बुरशी येते आणि संग्रहभुंगेरे सुकलेले नमुने आतून पोखरून भुसा करतात. तेव्हा नकोच.

छापायचं कुठे?

परीक्षकांकडून तपासणी होणाऱ्या नियतकालिकात. झूटॅक्सा, झूकीज, कोइमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा अशी काही आहेत. फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आवश्यक, नामकरण संहितेच्या २०१२ च्या दुरुस्तीने ते ठरलं. पैसे भरा आणि आठवड्यात छापा म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. वर्तमानपत्रात आधी नाव छापून आणायची घाई तर मुळीच नको.

किती दिवस लागतात?

दिवस? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नमुना गोळा झाल्यापासून त्याचं नवी जात म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असं दिसलं. तोवर तो कपाटात पडून असतो. एखादा वंश कोळून प्यायलेला माणूस हाताशी असेल तर वर्ष-दोन वर्षांतही होतं.

बक्षीस, पेटंट, सरकारी नोकरी?

नाही. नाही. नाही.

तुमच्याकडे आहे का एखादा नवीन?

एका बाटलीवर प्रश्नचिन्ह आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका झिरपत्या कातळावर गेल्या श्रावणात मिळाले. तीन नमुने, तीन मिलिमीटरच्या आसपास. मांडीवरचे केस यादीतल्या कुणाशी जुळत नाहीत. पोट उघडून बघितलं, तिन्ही माद्या. पुन्हा दोनदा गेलो, तोवर कातळ कोरडा पडला होता. त्यामुळे फोटो मागू नका, नाव विचारू नका. पाऊस वेळेवर आला तर आषाढात गाळणी घेऊन परत जायचं आहे. यायचं असेल तर कळवा, पेन्सिल आपली आपली आणावी.